काळ्या-पिवळ्या फियाटचा जमाखर्च

मुंबईच्या टॅक्सीव्यवसायाचा इतिहास सामान्यतः परवान्यांचा, भाडेदरांचा आणि संपांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु ज्या वाहनाच्या आधारावर हा व्यवसाय कित्येक दशके उभा राहिला, त्या फियाटच्या, म्हणजेच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने रूढ झालेल्या मोटारीच्या, डागडुजीचा इतिहास माझ्या मते त्याहून अधिक उद्बोधक आहे. तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाने जीर्ण होत चाललेल्या यंत्रावर कोणता पैसा आधी आणि कोणता मागाहून खर्च करावा, या प्रश्नाचे उत्तर या शहरातील टॅक्सीमालकांनी आणि मिस्त्रींनी कोणत्याही ग्रंथाच्या साहाय्याविना शोधून काढले आणि दोन-तीन पिढ्या ते निष्ठेने आचरणात आणले.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना प्रारंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ या गाड्यांची जुळणी करीत असे. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. 1953 मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने, ज्यांना या देशात सुटे भाग निर्माण करण्याचा कार्यक्रम हाती घ्यावयाचा नाही त्यांनी केवळ जुळणीचा धंदा करू नये, असे धोरण स्वीकारले. तेव्हा शिवडीला जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य परदेशी कंपनीनेही येथून काढता पाय घेतला आणि मैदान मोजक्या देशी कारखान्यांच्या हाती राहिले. 1954 पासून कुर्ल्यातून फियाट 1100 बाहेर पडू लागली. तीच 1964 मध्ये डिलाइट, 1972 मध्ये प्रेसिडेंट आणि 1974 मध्ये पद्मिनी झाली. नावे बदलली तरी 1089 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर दीर्घकाळ कायम राहिला. कलकत्त्याने उत्तरपाड्याच्या कारखान्याची ॲम्बॅसडर जवळ केली, मुंबईने कुर्ल्याची फियाट. आणि गिरगाव-भुलेश्वराच्या अरुंद गल्ल्यांतून वळणारी, जिचे भाग याच शहरात तयार होतात अशी लहान गाडी मुंबईकराने पसंत करावी, हे स्वाभाविकच होते.

परंतु पसंती असणे आणि गाडी हाती येणे यांत त्या काळी वर्षांचे अंतर असे. नोंदणी करून प्रतीक्षायादीत तिष्ठत राहावे लागे. 1969 मध्ये सरकारने मोटारींच्या किमतींवर नियंत्रण आणले, तेव्हा कागदोपत्री किंमत मर्यादित राहिली खरी, तथापि गाड्यांची टंचाई काही हटली नाही. अशा परिस्थितीत जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणे हा पर्याय सामान्य टॅक्सीमालकाला उपलब्धच नव्हता. गाडी जगवणे हाच त्याचा उदरनिर्वाह होता, आणि ती दुरुस्तीसाठी उभी राहिलेला प्रत्येक दिवस त्याच्या खात्यावर दुहेरी खर्च लिहून जात असे: मिस्त्रीची मजुरी एकीकडे, बुडालेल्या दोन पाळ्यांचे उत्पन्न दुसरीकडे.

या दुहेरी खर्चाने अग्रक्रम ठरवला, आणि त्याला सरकारी अंमलाची जोड मिळाली ती वार्षिक तपासणीची. धंद्यात तिला ‘पासिंग’ म्हणतात. योग्यतेचा दाखला मिळाल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणता येत नसे. ब्रेक, दिवे, भोंगा, रंग आणि मीटरचे सील, सर्व काही अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाई. म्हणून कित्येक मालक वर्षभराची पुंजी पासिंगच्या महिन्यासाठी राखून ठेवीत. यात एक दोषही होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही: ज्याची पुंजी अपुरी पडे तो अधिकाऱ्याला दिसणारा भाग सजवी आणि न दिसणारा तसाच ठेवी. चांगला मिस्त्री मात्र असे काम करण्यास राजी नसे. तो गिऱ्हाइकाला प्रथम विचारी, “शेठ, गाडी थांबते का?” चालते का, हा प्रश्न त्याच्या लेखी दुसरा होता.

त्याच्या या आग्रहामागे सबळ कारण होते. जुन्या फियाटच्या मूळ रचनेत चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलवाहिनीवर अवलंबून असत. त्यामुळे एका चाकाच्या सिलिंडरातील रबरी वाटी झिजून तेल गळू लागले, तर केवळ ते चाक नव्हे, अख्खी गाडीच ब्रेकहीन होण्याचा संभव असे. ती वाटी अगदी किरकोळ किमतीची वस्तू. परंतु भायखळ्याच्या पुलावरून भर पावसात उतरताना पेडल तळाशी जाऊन टेकले म्हणजे तिचे खरे मोल कळे. त्याच्या पाठोपाठ किंगपिन आणि त्यांचे बुश, टाय रॉडची टोके, मग टायर. आणि तेथवर पैसा पोचल्यावरच इंजिनाचा विचार.

इंजिनाच्या बाबतीतही या मंडळींची दृष्टी दूरवरची होती. फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. इंजिन एकदा अतिशय तापले की हेड वाकते, गॅस्केट जळते आणि पाणी तेलात मिसळते. म्हणून शहाणा मालक रेडिएटर उकलून साफ करवून घेणे, पाण्याच्या नळ्या आणि पंख्याचा पट्टा बदलणे, असली क्षुल्लक भासणारी कामे उन्हाळ्यापूर्वीच उरकीत असे. कारण या अल्प खर्चाची टाळाटाळ केल्यास पुढे हेड घासून घ्यावे लागे. सिलिंडरांचे बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवण्याचे खर्चिक काम तो शक्य तितके पुढे ढकली, आणि तेल जाळणारी गाडी नुसत्या रिंगा बदलून आणखी एक वर्ष हाकी.

सर्वांत कठीण प्रश्न पत्र्याचा. या गाडीला मालमोटारीसारखी स्वतंत्र लोखंडी चौकट नाही; तळ, दरवाजांखालच्या पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा बनतो. त्यामुळे मुंबईच्या खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने खाल्लेला पत्रा ही सौंदर्याची नव्हे, बळाची हानी असते. कसबी पत्राकाम करणारा रबरी पायपुसणी उचलून तळावर आणि दरवाजाखालच्या पट्टीवर पेचकसाच्या मुठीने ठोकत जाई; जेथे नाद बद्द येई तेथे तो टोक रोवून पाही, आणि वरून अखंड दिसणारा रंग पापुद्र्यासारखा फुटून आतून तांबूस भुगा ओघळे. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडणे हे खरे काम. लांबी भरून वर रंग चढवणे म्हणजे कौले न चाळता भिंतींना चुना काढण्यासारखे होते, आणि त्या रंगाखाली गंज निर्वेधपणे आपले काम चालू ठेवी.

सुटे भाग नवे घ्यावयाचे की जुने, याचाही एक अलिखित संकेत होता. दरवाजाची मूठ, दिव्याची कडी, काच, आसनाची चौकट या वस्तू चोरबाजारातून किंवा कुर्ल्याच्या भंगारबाजारातून खुशाल आणाव्यात. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र जुना माल वर्ज्य.

सुधारणांबाबतही हीच कसोटी लागू होती: जी सुधारणा दररोजच्या खर्चात बचत करील तीच करावयाची. रात्रपाळीत दिवे लख्ख राहावेत आणि बॅटरी उतरू नये म्हणून डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. मोठे परिवर्तन घडले ते इंधनाचे. शहराच्या हवेच्या प्रदूषणाबाबत मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या दाव्यातून जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे आदेश निघाले आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी हजारो फियाट सी.एन.जी.वर धावू लागल्या. प्रवासाचा खर्च उतरला, परंतु कोरड्या वायूने व्हॉल्व्हच्या बैठका झिजू लागल्या, म्हणून त्या कठीण धातूच्या बसवाव्या लागल्या. टाकीने डिकी व्यापली, म्हणून सामान छपरावरच्या कॅरिअरवर चढले. आणि मागचे पाटे दबू लागले, म्हणून त्यांत एखादे पान वाढवावे लागले. एक सुधारणा तीन दुरुस्त्या सोबत घेऊन येते, हे ज्याने आधीच हिशेबात धरले त्याचाच व्यवहार फायद्याचा ठरला.

2001 च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन बंद पडले. टॅक्सीची कमाल मुदत वीस वर्षांची ठरलेली असल्यामुळे, ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर अशी टॅक्सी उरली नाही. किमान एक तरी गाडी जतन व्हावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती, आणि ती सर्वथा रास्त आहे.

आता हीच मोटार हौशी संग्राहकांच्या हाती जात आहे, आणि पुष्कळदा तिच्यावरचा पहिला पैसा रंग, क्रोमियम आणि कातडी आसने यांवर खर्च होतो. त्यांना माझी विनंती आहे की, रंगाऱ्याकडे जाण्यापूर्वी गाडी एखाद्या जुन्या टॅक्सीमिस्त्रीच्या खड्ड्यावर न्यावी आणि तो सांगेल त्या क्रमाने खर्च करावा. आणि ज्यांना या शहराच्या इतिहासाची आस्था आहे त्यांनी, ही माणसे हयात आहेत तोवर, त्यांचा हा क्रम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावा. कारण गाडी संग्रहालयात ठेवता येईल, परंतु ती जगवण्याची विद्या आजवर कोणत्याही दप्तरात रुजू झालेली नाही.