शिंपल्यांची न्याहारी

15 जून 1793, शनिवार. कॅनडाचा पश्चिम किनारा, आजचा ब्रिटिश कोलंबिया. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतल्या दोन होड्या जेम्स जॉन्स्टन यांच्या हाताखाली खाड्यांची मोजणी करत हिंडताहेत.

सकाळी 8. न्याहारीच्या मुक्कामी शिंपले सापडतात. गोव्याकडच्या शिनाण्यांचे भाऊबंद. काही खलाशी ते भाजून खातात. दिसले की भाजायचे, हा त्यांचा शिरस्ताच. पण समुद्रातलं सूक्ष्म शैवाल गाळून खाताना या शिंपल्यांनी त्यातलं सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष मांसात साठवलेलं असतं. ते चवीला कळत नाही आणि भाजून-उकळून जात नाही.

9. पावसात होड्या सुटतात. थोड्याच वेळात काहींचे चेहरे आणि हातपाय बधिर होऊ लागतात. मग अंगभर बधिरता, मळमळ, चक्कर. मज्जातंतूंत सोडिअम ज्या वाटांनी शिरतो, त्या विषाने बुजवल्या आहेत. स्नायूंना मिळणारे हुकूम वाटेतच अडकू लागतात.

रॉबर्ट बॅरी हा तरुण अधिकारीही आजारी पडला आहे. इंग्लंडमध्ये त्याला अशीच बाधा झाली होती आणि भरपूर घाम आल्यावर बरं वाटलं होतं. तो स्वतः वल्हं घेतो आणि कार्टर, मॅकॲल्पिन, थॉमस या तिघांना जीव तोडून वल्हवायला सांगतो. त्याला खरंच बरं वाटतं! पण हे विष घामावाटे जात नाही. शरीर ते हळूहळू लघवीवाटे टाकतं. मला अधिक खटकतं ते वेगळंच: जॉन्स्टनना हे सगळं कळतं ते दुपारी, जेवणासाठी किनाऱ्याला लागल्यावर.

दुपारी 1. वल्ही थांबतात. जॉन कार्टर उतरायला उठतो आणि कोसळतो. तिघांनाही उचलून न्यावं लागतं. जॉन्स्टन ओकारी व्हावी म्हणून गरम पाणी करायला लावतात. कार्टरला ते गिळता येत नाही. कानशिलं चोळतात, पोट शेकतात. बरोबर वैद्य नाही. असता तरी या विषावर आजही उतारा नाही. रुग्णाचा श्वास यंत्राने चालू ठेवून वाट पाहायची, एवढाच इलाज.

1.30. कार्टर जातो, इतका शांतपणे की गेला हे कळायलाच वेळ लागतो. तोवर हट्टाने पाणी नाकारणारे बाकीचे आता मुकाट पितात. त्यांना उतार पडतो.

4 च्या सुमारास होड्या पुन्हा निघतात. आजाऱ्यांना चहा पाजून पांघरुणात गुंडाळलेलं, शेजारी प्रेत. रात्री त्याला ज्या उपसागराकाठी पुरलं, तो नकाशावर ‘कार्टर बे’ झाला. न्याहारीची जागा ‘पॉइझन कोव्ह’.

इतरांइतकेच शिंपले खाऊन बॅरीला सर्वांत कमी बाधा झाली होती. त्याने निष्कर्ष काढला: वाळूतले शिंपले विषारी, खडकावरचे नव्हेत. खडकावरचे शिंपले मात्र तेच पाणी गाळत होते.