परवलीच्या शब्दांचे स्थलांतर

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोरबातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था तयार केली. तिचे नाव सीटीएसएस. यंत्र सामायिक, पण प्रत्येकाचे काम खाजगी. म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, देण्यात आला. हे सगळे शब्द संगणकातल्या एका यादीत होते आणि ती यादी साध्या, वाचता येण्याजोग्या अक्षरांत होती.

१९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचा वेळ अपुरा पडू लागला. त्याने छिद्रित कार्डावरून ती यादी छापण्याची मागणी केली आणि यंत्राने ती इमानेइतबारे छापून दिली! पुढे त्याच दशकात आणखी एक गंमत घडली. एक व्यवस्थापक त्या दिवसाची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करत होता. दोघांच्या तात्पुरत्या प्रतींना यंत्राने एकच नाव दिले आणि त्यांची अदलाबदल झाली. मग संगणकावर येणाऱ्या प्रत्येकाला सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. १९९०चे ट्युरिंग पारितोषिक मिळाल्यावर दिलेल्या व्याख्यानात कोरबातो यांनीच हा किस्सा सांगितला.

दोन्ही वेळा कुलूप कोणी फोडले नव्हते. उघडी यादी एका जागेवरून दुसरीकडे गेली, एवढेच.

यावर केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी १९६०च्या दशकातच उपाय शोधला. गहू दळून पीठ होते, पिठाचे गहू होत नाहीत. तसे पासवर्डावर एकाच दिशेने जाणारे गणित करायचे आणि यादीत फक्त ‘पीठ’ ठेवायचे. माणूस आला की त्याने सांगितलेला शब्द दळून पाहायचा आणि पिठाशी पीठ ताडायचे. १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी दळण्यापूर्वी प्रत्येक शब्दात एक यादृच्छिक संख्या मिसळण्याची युक्ती वर्णन केली. त्यामुळे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे होते. या संख्येचे नाव मोठे सुरेख आहे: मीठ.

पण हा उपाय दारावरच्या पहारेकऱ्याचा झाला. ज्याला पन्नास दारांचे पन्नास शब्द लक्षात ठेवायचे आहेत, त्याने काय करावे? त्याच्यासाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे शब्दांची तिजोरी, आली. ब्रूस श्नायर यांची ‘पासवर्ड सेफ’ ही १९९७ची. येथे पीठ चालत नाही. मालकाने मागितल्यावर अख्खा शब्द परत द्यावा लागतो. म्हणून शब्द सांकेतिक रूपात ठेवतात आणि एका मुख्य शब्दाने तिजोरी उघडते.

अडचण येते ती तिजोरी बदलताना. प्रत्येक तिजोरीची आतली मांडणी वेगळी. सर्वांना समजणारा मार्ग उरतो तो सीएसव्ही फाईलचा. पण ही फाईल म्हणजे साध्या अक्षरांतला तक्ता. काम झाल्यावर ती संगणकात विसरून राहते, तिच्या प्रती निघतात. १९६२ची तीच उघडी यादी, या वेळी आपणच तयार केलेली!

मे २०२२ मध्ये अ‍ॅपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पासकीला मिळून पाठिंबा जाहीर केला. पासकी म्हणजे किल्ल्यांची जोडी. खुली किल्ली संकेतस्थळाकडे, गुप्त किल्ली आपल्याकडे. संकेतस्थळावर चोरण्यासारखे काही उरत नाही. पण गुप्त किल्ली वाचून दुसरीकडे टंकण्याजोगी नसते आणि त्या जुन्या तक्त्यातही ती नीट बसत नाही. म्हणजे तिजोरी बदलायची तर प्रत्येक संकेतस्थळावर जाऊन नवी किल्ली करून घ्या. बाहेर पडण्याची वाट सोपी ठेवावी तर चोराचे फावते, बंद करावी तर मालकच एका कंपनीकडे अडकतो. किल्ल्या नक्की कोणाच्या, असा हा प्रश्न आहे.

उत्तराचे मूळ १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडलेल्या खुल्या किल्लीच्या कल्पनेत आहे. फिडो अलायन्स या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्थलांतराच्या नियमांचे मसुदे प्रसिद्ध केले. त्यांत नवी तिजोरी आधी जुनीकडे एक उघडे कुलूप पाठवते. जुनी तिजोरी सामान पेटीत भरून ते कुलूप दाबून बंद करते. किल्ली नव्या तिजोरीकडेच असल्याने वाटेत पेटी कोणाच्या हाती लागली तरी उघडत नाही. पेटीतल्या सामानाची समान मांडणी ऑगस्ट २०२५ मध्ये प्रस्तावित मानक म्हणून मान्य झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या आयओएस २६ मध्ये उघडी फाईल न बनवता एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात पासकी नेण्याची सोय झाली.

हे वर्गात करून पाहता येईल. एक डबा, दाबून लागणारे एक कुलूप आणि तीन विद्यार्थी पुरेत: एक पाठवणारा, एक घेणारा आणि मधला टपालवाला. चिठ्ठी सुखरूप पोहोचली की टपालवाल्याला गुपचूप दुसरे कुलूप आणि त्याची किल्ली द्या. आता तो घेणाऱ्याचे कुलूप ठेवून घेऊन आपले पुढे करील. आपल्याकडे आलेले कुलूप नक्की कोणाचे, हे पाठवणाऱ्याने कसे ओळखावे? विद्यार्थ्यांना उपाय सुचवू द्या.