पालीवरचा आरोप: कात, भूक आणि दोन हजार वर्षांचा गैरसमज

आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून काहींनी नाक मुरडलं असेल, त्याला माझी हरकत नाही. पाल हा प्राणी आपल्याला कधी नुसता प्राणी वाटलेलाच नाही. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं, पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ. मनात संशय आला तरी चुकचुकते ती पालच. म्हणजे पाल स्वतःसाठी काय करते यापेक्षा ती आपल्याबद्दल काय सांगते, इकडेच आपलं लक्ष. पण यात आपण एकटे नाही. ग्रीक-रोमन लोकांनी तर तिच्यावर चक्क आरोपपत्र ठेवलं होतं, आणि तेही तिच्या खाण्यावरून.

आधी आजची गोष्ट सांगतो. लेपर्ड गेको नावाची एक ठिपकेदार, जाड शेपटीची, जमिनीवर राहणारी पाल आज जगभर काचेच्या पेट्यांत पाळली जाते. शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं एडवर्ड ब्लिथने, १८५४ साली. हा ब्लिथ कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होता, आणि नमुना होता पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातला. या पालीचीच जवळची बहीण, युब्लेफॅरिस फस्कस, आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत रानात सापडते.

तर ही पाल पाळणाऱ्या नव्या माणसाला पहिला धक्का बसतो तो असा. रोज झुरळ, नाकतोडा समोर आला की झडप घालणारी पाल एके दिवशी किड्याकडे ढुंकून बघत नाही. रंग फिका, पांढुरका पडतो, राख फासल्यासारखा. लपून बसते. हात लावला तर अंग चोरते, एरवी शांत असलेली पाल चावायलाही बघते. मालक घाबरतो, आजारी पडली म्हणतो. आणि एक-दोन दिवसांनी सकाळी बघावं तर पाल चकचकीत, ठिपके लखलखीत, भूक परत आलेली. कात टाकली म्हणावं, तर पेटीत कात कुठेच नाही. कारण ती पालीने खाल्लेली असते.

म्हणजे दोन गोष्टी झाल्या. कात टाकण्याआधी ती अन्न नाकारते आणि कात टाकताना स्वतःचं कातडं खाते. आपला सगळा इतिहास या दुसऱ्या गोष्टीवरून सुरू होतो.

प्राचीन ग्रीक वैद्यकात पालीची कात फेफऱ्यावर, म्हणजे अपस्मारावर, औषध मानली जायची. आपल्याला याचं हसू यायचं कारण नाही. चरकसंहितेत प्रसूतीनंतर वार पडत नसेल तर सापाच्या कातीची धुरी द्यायला सांगितलीय. जो प्राणी स्वतःचं कातडं सोडून पुन्हा ताजातवाना होतो, त्याच्या त्या कातड्यात काहीतरी शक्ती असणार, हा तर्क माणसाने ठिकठिकाणी केला. पण सापाची कात वारुळाजवळ, कुंपणाला, दगडांच्या फटीत मिळते. पालीची मिळत नाही, कारण ती गिळून टाकते. मग प्रश्न आला, का गिळते? उत्तर तयार होतं: माणसाला औषध मिळू नये म्हणून! मत्सराने!

हे ऐकायला विनोदी वाटतं, पण त्या काळी असे ‘मत्सरी’ प्राणी बरेच होते. हरिण आपलं गळलेलं शिंग पुरून ठेवतं, सील पोटातला औषधी पदार्थ ओकून टाकतो, लिंक्स नावाचं रानमांजर आपलं मूत्र लपवतं. सगळ्यांवर आरोप एकच, माणसाच्या उपयोगाची वस्तू मुद्दाम नष्ट करतात.

या आरोपाविरुद्ध उभा राहिला थिओफ्रॅस्टस. ॲरिस्टॉटलचा शिष्य, गुरूनंतर त्याची शाळा चालवणारा, वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणून आपण ज्याला ओळखतो तो. मत्सरी म्हणवल्या जाणाऱ्या प्राण्यांवर त्याने एक पुस्तकच लिहिलं होतं. मूळ पुस्तक हरवलं. पण नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू फोटियस याने आपण वाचलेल्या पुस्तकांचे सारांश लिहून ठेवले, त्यात याचाही थोडा भाग वाचला. थिओफ्रॅस्टसचा मुद्दा साधा आहे. जे ज्ञान माणसाला खटपटीने, अनुभवाने मिळतं, ते मुक्या प्राण्याला कुठून असणार? पालीला फेफरं म्हणजे काय हे ठाऊक तरी आहे का? सील ओकतो तो भीतीने. पाल कात गिळते ती निसर्गातल्याच कुठल्यातरी कारणाने. ते कारण कोणतं, हे तो सांगत नाही. मला वाटतं, हीच त्याची थोरवी. उत्तर हाताशी नसतानाही चुकीचं उत्तर नाकारायला हिंमत लागते.

पण लोकांनी थिओफ्रॅस्टसचं ऐकलं नाही.

साडेतीनशे वर्षांनी रोममध्ये थोरला प्लिनी आपला सदतीस खंडांचा निसर्गकोश लिहीत होता. त्याच्या तिसाव्या खंडात आपली पाल पुन्हा येते, लॅटिनमध्ये ‘स्टेलियो’. प्लिनी म्हणतो, माणसाचा इतका कपटी मत्सर करणारा दुसरा प्राणी नाही असं सांगतात, आणि म्हणून स्टेलियो ही शिवी झाली. पुढे तो कात पळवायची युक्ती देतो, आणि तिथे खरी गंमत आहे. उन्हाळ्यात पाल कुठे राहते ते हेरून ठेवायचं, दारा-खिडक्यांच्या चौकटीत, कमानीत, थडग्यात. वसंत सुरू झाला की तिथे चिरलेल्या बोरूच्या विणलेल्या अरुंद टोपल्या लावायच्या, मासे धरायच्या सापळ्यासारख्या. पालीला ती अरुंद जागा आवडते, कारण तिथे घासून कात लवकर सुटते. पण एकदा कात मागे राहिली की तिला परत फिरता येत नाही. मग कात आपली.

बघा, एकाच परिच्छेदात दोन माणसं बोलतात. एक विद्वान, तो म्हणतो पाल कपटी आहे. दुसरा तो अनामिक सापळेवाला, ज्याने बसून पाहिलंय की कात टाकायच्या वेळी पाल अरुंद जागा शोधते आणि अंग घासते. आज लेपर्ड गेको पाळणारे पेटीत ओलं शेवाळ घातलेला, एका भोकाचा डबा ठेवतात, तो नेमका याच निरीक्षणावर. नाव मात्र टिकलं विद्वानाच्या मताचं.

आणि कसं टिकलं! रोमन कायद्यात ‘स्टेलियोनातुस’ नावाचा गुन्हा आला. ज्या लबाडीला दुसरं नाव नाही ती या सदरात. उल्पियन या कायदेपंडिताने दिलेलं उदाहरण आपल्या कोर्टकचेऱ्यांत आजही ओळखीचं वाटेल: एकीकडे गहाण ठेवलेली मालमत्ता लपवाछपवी करून दुसऱ्याला देणं. हा शब्द १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत होता. ब्राझीलच्या १९४० च्या दंडसंहितेत कलम १७१ फसवणुकीचं आहे, ‘एस्टेलियोनातो’, आणि तिथल्या बोलीत ठगाला नुसतं ‘एकशे एकाहत्तर’ म्हणतात. आपला ‘चारसो बीस’ आठवला ना? फरक इतकाच की त्यांच्या ठगामागे एक पाल आहे, जी बिचारी आपलं कातडं खात होती.

आता भुकेकडे येऊ. ॲरिस्टॉटलने सापांबद्दल लिहून ठेवलंय की कात डोळ्यांपासून सुटायला लागते आणि ज्याला माहीत नाही त्याला वाटतं साप आंधळा झाला. हे अचूक आहे. सापाच्या डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, कात टाकण्याआधी तो दुधाळ होतो. घरातल्या पालीलाही पापणी नसते, तिच्याही डोळ्यावर तसंच आवरण. म्हणून बरेच जण समजतात, दिसत नाही म्हणून खात नाही. पण लेपर्ड गेकोला हलणाऱ्या पापण्या आहेत, तिचा डोळा तसा झाकोळत नाही, आणि तरी ती अन्न टाळते. म्हणजे नुसत्या डोळ्यांवर हे प्रकरण मिटत नाही. जुन्या थराखाली नवा पूर्ण थर तयार होतो, मधला भाग सुटा होतो, सगळं अंग त्या कामाला लागलेलं असतं.

हे काम कोण चालवतं? १९३३ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या जी. के. नोबल आणि ब्रॅडली यांनी थायरॉइड आणि पिट्युटरी ग्रंथींचा कात टाकण्याशी संबंध तपासला, तो हेमिडॅक्टिलस ब्रूकी या पालीवर. आपल्या घरांतल्या ठिपकेदार पालीही तेव्हा याच नावाखाली मोडत. पुढे १९६७ मध्ये चिउ, फिलिप्स आणि मॅडरसन यांनी टोके पालीवर काम केलं. पालींमध्ये थायरॉइडचा स्राव वाढला की कात लवकर येते. सापांत उलट, तो कमी झाला की कात वरचेवर येते. थिओफ्रॅस्टसचं ‘निसर्गातलं कारण’ इथे कुठेतरी आहे.

याच मॅडरसनने १९६५ मध्ये रॉबर्ट बस्टर्डबरोबर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कात खाण्यावर एक छोटं टिपण लिहिलं होतं. हा बस्टर्ड म्हणजे १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतर्फे भारतात आला आणि आपल्या मगर-सुसर संवर्धनाच्या कामाला ज्याने दिशा दिली, तोच. कात का खातात, यावर तर्क अनेक आहेत: प्रथिनं वाया जाऊ नयेत, शत्रूला माग लागू नये. माझा कल साध्या गोष्टीकडे आहे. पालीची कात तुकड्या-तुकड्याने सुटते आणि ती ओढायला तिच्याकडे तोंडाशिवाय हत्यार नाही. तोंडात आलेलं गिळलं जातं. साप कातीतून सरपटत बाहेर पडतो, त्याला तोंड लावावं लागत नाही, आणि सापांत कात खाण्याच्या नोंदीही फार कमी आहेत.

शेवटी प्रश्नोत्तरांत विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो बऱ्याच जणांचा असतो: कातीच्या वेळी पाल खात नसेल तर काय करायचं? भरवायचं नाही, आणि कातडं ओढायचं तर अजिबात नाही. ओलसर डबा ठेवा, जिवंत किडे पेटीतून काढून घ्या, कारण भुकेले नाकतोडे पालीलाच कुरतडतात. कात झाल्यावर बोटं नीट बघा. बोटांभोवती अडकलेलं कातडं सुकून आवळत जातं, रक्त थांबतं आणि बोट झडतं. तुकडा राहिलाच असेल तर कोमट पाण्यात पाय भिजू द्या, मग ओल्या कापसाने हलकेच सोडवा. कात होऊन गेल्यावरही ती खात नसेल, शेपूट बारीक होत चालली असेल, तर ती कातीची गोष्ट नाही. मग सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य गाठा.