करडिगे

करडिगे : वीरशैव-लिंगायतांचे इष्टलिंग ठेवण्याची, बहुधा चांदीची, डबी. शब्द कन्नड आहे. चेंडूसारख्या गोल डबीला ‘गुंडगडिगे’ म्हणतात. दोन्ही बाजूंच्या कड्यांत शिवदार (दोरा) ओवून ती गळ्यात घालतात. नाभीच्या खाली उतरू देत नाहीत. बंगळुरूपासून सोलापूर-लातूरपर्यंत सदऱ्याआड किंवा पदराआड तिचा उंचवटा दिसतो.

नक्षी पाहून हिला दागिना म्हणावे, तर उघडल्यावर आत काळेभोर, तुळतुळीत लिंगच निघते. त्याचा गाभा पाटीच्या करड्या दगडाचा. शेणाची राख तेलात कालवून त्यावर काळा, टिकाऊ लेप चढवतात. पूजेच्या वेळी लिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर नजर स्थिरावतात. देव तळहातावरच आल्यावर देवळाची आणि मधल्या पुजाऱ्याची गरज उरत नाही. बाराव्या शतकात कर्नाटकातील कल्याणला बिज्जल राजाच्या दरबारी असलेल्या बसवेश्वरांच्या चळवळीने हा अर्थ ठसवला. वीरशैव परंपरा मात्र लिंगधारणेचे मूळ पंचाचार्य या पाच आद्य गुरूंपर्यंत मागे नेते. जानव्याचा अधिकार पुरुषापुरता. लिंग स्त्रीलाही मिळते आणि मासिक पाळीच्या विटाळाने ते बाजूला ठेवावे लागत नाही. चांदीच्या कामापेक्षा ही बाब कितीतरी मोलाची.

बीड जिल्ह्यातील कपिलधारच्या मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ लिहून वीरशैव विचार मराठीत आणला. बंगळुरूची बसव समिती बी. डी. जत्ती (पुढे उपराष्ट्रपती) यांनी १९६४ मध्ये स्थापली. तिने बसवेश्वरादी शरणांच्या वचनांचे (कन्नड उक्तींचे) मराठीसह अनेक भाषांत अनुवाद केले आहेत.

धर्मचिन्ह म्हणून दगड अंगावर बाळगण्याची दुसरी ठळक परंपरा मध्य अमेरिकेतील माया लोकांची. ग्वाटेमालातील मोटाग्वा खोऱ्यातला हिरवा जेड त्यांना मका, पाणी आणि श्वास यांचे रूप वाटे. पालेंके येथील राजा पाकाल ६८३ मध्ये वारला. १९५२ मध्ये त्याची कबर उघडली, तेव्हा चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा आढळला. माया राजे जेड मिरवत. लिंगायत दगड झाकून ठेवतात, मिरवते ती डबी. मृत्यूनंतर मात्र दोन्हीकडे दगड माणसाबरोबरच जातो. माया मृताच्या तोंडात जेडचा मणी ठेवत. लिंगायत मृताला दहन न करता बसत्या स्थितीत पुरतात, आणि त्याचे लिंग डाव्या तळहातावर ठेवतात.