पिपाणी नाही, ट्रॉम्बोन

परवा नातवाच्या संगणकावर एक चित्र बघत होतो. रोममधल्या सांता मारिया सोप्रा मिनेर्वा या चर्चच्या भिंतीवर फिलिप्पिनो लिप्पीने १४८८ ते १४९३ या काळात काढलेलं. मेरीमाता स्वर्गात निघाली आहे आणि भोवती देवदूत वाद्यं वाजवताहेत. एकाच्या हातात दुमडलेल्या नळीचं लांबलचक वाद्य. अरे, हा तर ट्रॉम्बोन! आणि मला एकदम माझा सातवीचा वर्ग आठवला.

१९७८ च्या सुमाराची गोष्ट. हजेरीपटात भरायला मुलांना वडिलांचा व्यवसाय विचारत होतो. एक मुलगा म्हणाला, "बँडमध्ये वाजवतात."

"काय, पिपाणी?"

वर्ग खो खो हसला. तो खाली मान घालून म्हणाला, "पिपाणी नाही सर, ट्रॉम्बोन." मी पुढचं नाव पुकारलं.

त्या वाद्याबद्दल आता सवडीने वाचतो आहे. साध्या तुतारीची एक अडचण असते, तिच्यातून ठरावीकच स्वर निघतात. पंधराव्या शतकात युरोपातल्या कारागिरांनी नळीत नळी बसवली. बाहेरची नळी पुढे ढकलली की हवेचा मार्ग लांबतो, स्वर उतरतो. सरकवण्याच्या मुख्य जागा सात, पण त्यांवर खूण कसलीच नाही. सारंगीवाल्यासारखं सगळं कानावर आणि हातावर. मींड तर किती सहज निघत असेल! आज टिकून असलेला सर्वांत जुना ट्रॉम्बोन १५५१ सालचा, जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा.

सगळे स्वर निघू लागल्यामुळे तो गायकांच्या साथीला बसला आणि चर्चमध्ये शिरला. व्हेनिसच्या जोवान्नी गाब्रिएलीने १५९७ च्या एका रचनेत तब्बल सहा ट्रॉम्बोन योजले. मॉन्तेवेर्दीच्या 'ऑर्फेओ' या १६०७ च्या संगीतिकेत पाताळाच्या प्रवेशात तेच वाजतात. मोझार्टच्या 'डॉन जोवान्नी'त (१७८७) मेलेल्या माणसाचा पुतळा बोलू लागतो, तेव्हाही तेच. देव, मरण, पाताळ, एवढ्याच कामांना जणू हे वाद्य राखून ठेवलेलं!

त्याला सिंफनीत आणण्याचं श्रेय सर्रास बीथोव्हेनला देतात. स्वीडनमधल्या योआकिम एगर्टने १८०७ मध्येच ते केलं होतं, पण त्याला कोण ओळखतो? असो. बीथोव्हेनची पाचवी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिच्यात तीन ट्रॉम्बोनवाले पहिले तीन भाग नुसते बसून असतात. तिसरा भाग दबत दबत जातो, मध्ये खंड न पडता चौथा उसळतो आणि तिथे ते तोंड उघडतात. मी ही सिंफनी कॅसेटवर कितीदा ऐकली असेन, पण कोण गप्प बसलंय हे कधी लक्षात आलं नव्हतं.

याच बीथोव्हेनने १८१२ मध्ये लिंझ शहरासाठी, मृतांच्या स्मरणदिनाकरता, चार ट्रॉम्बोनच्या तीन छोट्या रचना लिहिल्या. १८२७ मध्ये त्याच्याच अंत्ययात्रेत त्यांतल्या दोन कामी आल्या.

चित्रांतला प्रवास मात्र उलटा. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं १८८७-८८ मधलं चित्र आहे, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. पॅरिसमधली सर्कस, रात्रीची वेळ, वर गॅसच्या दिव्यांची ओळ. लोकांनी तिकीट काढावं म्हणून बाहेर फुकटचा खेळ चालला आहे आणि मधोमध टोकदार टोपी घातलेला एक माणूस ट्रॉम्बोन वाजवतो आहे. सगळं चित्र ठिपक्यांचं, त्यामुळे त्याचा चेहरा अंधुकच.

आपल्याकडच्या वरातीही अशाच, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका आणि मध्ये बँडवाले. त्या मुलाच्या वडिलांना मी एका वरातीत पाहिलंही होतं. रंग उडालेला लाल कोट होता. वरातीतली पोरं मुद्दाम त्यांच्या समोर नाचत होती आणि ते नळी कुणाला लागू नये म्हणून सारखे एका अंगाला वळत होते. चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवत नाही.

मुलाचं नाव आठवतं. नातू म्हणतो, संगणकावर शोधू या का? मी अजून हो म्हटलेलं नाही.