लॉगिन आहे, पण कुणाचं?

मागच्या महिन्यात एका ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावरून जुन्या नियतकालिकांच्या प्रती मागवायच्या होत्या. काम कंटाळवाणं, म्हणून एआय एजंटवर सोपवलं. त्यानं आधी आपल्या टूलनं लॉगिनची स्थिती तपासली आणि कळवलं, 'सेशन चालू आहे.' मग एकामागून एक नऊ मागण्या पाठवून दिल्या. संध्याकाळी मुलगी घरी आली. लॅपटॉप उघडून म्हणाली, "अब्बा, माझा या महिन्याचा कोटा कुणी संपवला?" लॉगिन तिचं होतं. प्रकल्प द्यायला चार दिवस उरले होते.

एजंट खोटं बोलला नव्हता. सेशन खरंच चालू होतं. कुणाचं, हे मी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

गंमत अशी की, लॉगिनचा इतिहासच कोट्यापासून सुरू होतो. नोव्हेंबर 1961 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूनं सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. संगणक एकच, पण त्यावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून काम करणार. त्यामुळं समोर कोण बसलंय हे यंत्राला कळणं गरजेचं झालं. प्रत्येकाच्या फाइल वेगळ्या, वाट्याला आलेला वेळही मोजका. ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याला चारच तास मिळत. ते पुरेनात. 1962 मध्ये त्यानं छपाईची विनंती करणारं पंचकार्ड टाकून सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. यंत्राला त्यात वावगं काही दिसलं नाही. पासवर्ड बरोबर होता, विषय संपला. शेरनं ही कबुली दिली ती कित्येक दशकांनी.

तरी तेव्हा एक सोय होती. माणूस टर्मिनलसमोर बसायचा, काम झालं की उठायचा. 1971 मध्ये युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच 'हू' ही आज्ञा आहे. ती दिली की कोण कोण आत आहे, कुठल्या टर्मिनलवर, केव्हापासून, याची यादी येते. म्हणजे स्थिती विचारली की उत्तरात नाव यायचंच.

वेबनं हे मोडलं. टिम बर्नर्स-ली यांनी आखलेल्या एचटीटीपीला स्मरणशक्तीच नव्हती. एक पान दिलं की सर्व्हर तुम्हाला विसरला. अशानं खरेदीची टोपली तरी कशी भरणार? 1994 मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकीची युक्ती काढली. सर्व्हरनं ब्राउझरच्या हाती एक चिठ्ठी द्यायची, ब्राउझरनं दर वेळी ती दाखवायची. तिथून पुढं ओळख माणसाकडून चिठ्ठीकडे गेली. 2010 मध्ये 'फायरशीप' नावाच्या फायरफॉक्सच्या जोडणीनं हे उघड्यावर आणलं. खुल्या वाय-फायवर शेजारच्याची कुकी उचलायची आणि त्याच्या फेसबुक खात्यात शिरायचं, पासवर्ड न लागता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथं दस्तक आठवतोच. फर्रुखसियरच्या 1717 च्या फर्मानानं ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 3000 रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकात माफ झाली. मालासोबत कंपनीचा दस्तक असला की चौकी सोडून देई. मग कंपनीचे नोकर आपल्या खासगी मालालाही तोच कागद लावू लागले, इतर व्यापाऱ्यांना विकूही लागले. दस्तक खरा, माल भलत्याचा! मीर कासिमनं अखेर 1763 मध्ये सगळ्याच व्यापाऱ्यांची जकात उठवली. भांडण युद्धावर गेलं आणि 1764 मध्ये बक्सरला निकाल लागला.

आजच्या दस्तकाला टोकन म्हणतात. त्याची स्थिती कशी विचारायची याचंही मानक आहे, ऑक्टोबर 2015 चं आरएफसी 7662. त्यात सर्व्हरनं एकच गोष्ट सांगणं सक्तीचं आहे : टोकन सक्रिय आहे की नाही. खातं कुणाचं, परवानगी कशाची, मुदत कधीपर्यंत, हे सांगणं ऐच्छिक. हे मानक यंत्रांनी यंत्रांना विचारण्यासाठी आहे, तिथं ते चालूनही जातं. पण एजंट माझ्या वतीनं विचारतो, माझ्या वतीनं पुढं पाऊल टाकतो, आणि मी तोवर चहा पीत असतो. शेर निदान स्वतः टर्मिनलसमोर बसला होता.

मुलीनं ग्रंथसंग्रहाला पत्र लिहून चार मागण्या रद्द करून घेतल्या. उरलेल्या पाच प्रती मी वाचतोय. एजंटला आता सांगून ठेवलंय, स्थितीसोबत खात्याचं नाव दाखव आणि माझा होकार आल्याशिवाय काही पाठवू नकोस. काल विचारलं तर उत्तर आलं, 'सेशन संपलं आहे.' पासवर्ड मीच टाकला. दोनदा चुकला.