पक्षकाराची पेशी, वकिलाची सनद: कलम 35 वरील भाष्य

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी किंवा सालेकसा तालुक्यातला शेतकरी धुऱ्याचा वाद वकिलाच्या स्वाधीन करतो, तेव्हापासून त्याला कोर्टातली प्रत्येक गोष्ट वकिलाकडूनच कळते. ‘पुढची पेशी पडली’ हे उत्तर तो वर्षानुवर्षे ऐकतो आणि एक दिवस नक्कल काढल्यावर कळते, की दावा गैरहजेरीत कधीच खारीज झाला. अशा वेळी वकिलाला जाब विचारणारी तरतूद म्हणजे अधिवक्ता अधिनियम, 1961 चे कलम 35. तिचा आशय ओळीओळीने पाहू.

उपकलम (1): तक्रारीवरून किंवा अन्यथा, राज्य परिषदेला…

सनदेवर अधिकार राज्य परिषदेचा, म्हणजे मुंबईच्या महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेचा. गोंदियाचा वकील संघ समज देऊ शकेल, सनद काढून घेऊ शकत नाही. म्हणून संघाच्या अध्यक्षांकडे केलेली तोंडी कैफियत ही कलम 35 ची तक्रार ठरत नाही. तक्रार लेखी, सहीची, सत्यापन केलेली आणि शुल्कासह हवी. ती मराठीत करता येते, हे गावच्या माणसाला आवर्जून सांगायला हवे.

‘अन्यथा’ म्हणजे तक्रारदार नसला तरी परिषद स्वतः दखल घेऊ शकते. याच विचारातून भारतीय वकील परिषदेचे नियम सांगतात, की केवळ आपसात तडजोड झाली किंवा तक्रार मागे घेतली म्हणून चौकशी बंद करू नये. तक्रारदाराला गाठून पैसे परत केले की प्रकरण मिटले, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. दाभोळकर प्रकरणात 1975 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने राज्य परिषदेला स्वतः अपील करण्याचा हक्क मान्य केला, कारण व्यवसायाची शुचिता राखणे हे तिचेच काम आहे.

…व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन झाल्याचे मानण्यास कारण असेल तर…

कलमाचा सगळा भार या ओळीवर आहे. खटला हरणे हे गैरवर्तन नव्हे. आजारपणात एक पेशी चुकणे हेही नव्हे. साधा निष्काळजीपणा आणि घोर, अप्रामाणिक निष्काळजीपणा यांतला भेद सर्वोच्च न्यायालयाने 1963 पासून पाळला आहे. पी. डी. खांडेकर प्रकरणात, 1984 साली, चुकलेला सल्ला आणि अनुचित सल्ला यांतही त्याने फरक केला. हा भेद योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक हरलेला पक्षकार वकिलाची सनद मागेल.

मात्र या भेदाच्या आडोशाला बेफिकिरी लपता कामा नये. रंगादुराई प्रकरणात (1979) मद्रासच्या वकिलाने वचनचिठ्ठ्यांवरचे दावे दाखल करण्यासाठी पैसे घेतले, दावे दाखल केलेच नाहीत आणि ते दाखल केल्याचे पक्षकारांना खोटेच सांगितले. इथे निष्काळजीपणा अप्रामाणिकपणात बदलतो. फी घेऊन दावा न टाकणे, पेशी पडल्याचे खोटे सांगणे, पुरेसे कारण व सूचना न देता काम सोडणे, ही सगळी याच बाजूची लक्षणे आहेत. काम सोडताना न कमावलेली फी परत करावी, हेही नियमांत लिहिलेले आहे.

उपकलम (2): समितीने तारीख नेमून वकील व महाधिवक्ता यांना नोटीस द्यावी

परिषद ज्या शिस्तपालन समितीकडे प्रकरण सोपवते ती तीन जणांची असते आणि साक्षीदार बोलावण्यात, कागद मागवण्यात तिला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. म्हणून पुरावा लागतोच. सर्वांत बोलका कागद म्हणजे रोजनाम्याची नक्कल. कोणत्या तारखेला कोण हजर होते, हे त्यातून दिसते.

उपकलम (3): तक्रार फेटाळणे, ताकीद, निलंबन किंवा नाव कमी करणे

या चार आदेशांत पक्षकाराची भरपाई कुठेच नाही, हे कलमाचे मोठे उणेपण आहे. रंगादुराई प्रकरणात न्यायालयाने शिक्षेला विधी सहाय्याच्या कामाची जोड दिली, पण तो अपवाद राहिला. ग्राहक आयोगाचे दारही सर्वोच्च न्यायालयाच्या 14 मे 2024 च्या निकालाने बंद झाले. शिवाय वकिलाला शिक्षा झाली म्हणून खारीज दावा जिवंत होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो आणि त्याची मुदत साधारण 30 दिवसांची असते. वकिलाच्या कसुरीचे फळ निर्दोष पक्षकाराने भोगू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने रफिक प्रकरणात (1981) म्हटले आहे. त्या अर्जात या निकालाचा आधार घेता येतो.

उपकलम (4): निलंबित वकिलाला भारतात कुठेही वकिली करता येणार नाही

गोंदियात निलंबित झालेला वकील शेजारच्या बालाघाटच्या किंवा राजनांदगावच्या कोर्टात उभा राहू शकत नाही. राज्याची सीमा इथे आडोसा ठरत नाही.

उपकलम (5)

महाधिवक्त्यांना स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येते, एवढेच इथे सांगितले आहे.

कलम 36-ब ची जोड

राज्य परिषदेच्या समितीने तक्रार एका वर्षात निकाली काढावी, नाहीतर प्रकरण भारतीय वकील परिषदेकडे जाते. ही मुदत पाळा, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा बजावावे लागले. ज्या पक्षकाराने वकिलाच्या दिरंगाईची दाद मागितली, त्याला परिषदेनेही ताटकळत ठेवणे हा दुसरा अन्याय आहे.

कलम 35 सनदेची प्रतिष्ठा राखते, पक्षकाराची बुडालेली बांधी परत देत नाही. ती उणीव भरून काढणे जिल्ह्यातल्या वकिलांच्या हाती आहे: सहकाऱ्याच्या कसुरीने दावा बुडालेला माणूस दारात आला, तर ‘आपल्याच माणसाविरुद्ध कसे जाऊ’ असे न म्हणता त्याचा पुनःस्थापनेचा अर्ज घ्यावा. आणि पक्षकारांना एवढेच सांगणे: वकीलपत्राची प्रत, फीची पावती आणि दाव्याचा सीएनआर क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्या, ई-कोर्ट्सवर पुढची पेशी स्वतः पाहा. दावा खारीज झाल्याचे कळले, तर आधी दावा वाचवा, मग तक्रार करा.